दिल्ली–सॅन फ्रॅन्सिस्को हवाई अंतर व प्रवासकाल

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या बृहद्‌वृत्ताच्या लहान कंसाची लांबी होय. पृथ्वीचा मध्य ज्याच्या पातळीत येतो, अशा भूपृष्ठावरील वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. दिल्ली व कॅलिफोर्नियातील सॅन फ्रॅन्सिस्को येथील विमानतळांमधील असे अंतर सु. १२,३८० किमी. भरते. हा कंस दिल्लीहून उत्तर-ईशान्येस निघून हिमालय, सिंक्यांग व सायबीरिया ओलांडतो, सु. ७५° उ. अक्षांशापर्यंत चढतो व अलास्कावरून खाली उतरतो. मर्केटर प्रक्षेपाच्या नकाशावर हीच दोन स्थळे पॅसिफिकवरून सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा आखूड भासते. प्रत्यक्षात तिची लांबी सु. १५,००० किमी. असते.

तथापि लघुतम मार्ग हा शीघ्रतम मार्ग असतोच असे नाही. दोन्ही गोलार्धांच्या मध्य अक्षांशांत, सु. १० ते १२ किमी. उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. जपानी वातावरणवैज्ञानिक वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुग्यांच्या साहाय्याने त्यांचा वेध घेतला होता. पण आपला अहवाल त्यांनी एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हिवाळ्यात जपानवर या प्रवाहांचा वेग ताशी ३०० किमी.हून अधिक होऊ शकतो. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही विमानसेवा सुरू केली, तेव्हा विमाने अटलांटिकवरून सु. १३,९०० किमी. जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅसिफिकवरील मार्ग स्वीकारल्यावर अंतर सु. १५,३०० किमी. झाले, मात्र वारा पाठीशी असल्याने पहिल्या उड्डाणास सु. साडेचौदा तासच लागले, म्हणजे पूर्वीपेक्षा सु. दोन तास कमी. भूपृष्ठसापेक्ष सरासरी वेग ताशी सु. १,०५० किमी. पडला. उलट दिशेने जाणाऱ्या विमानास हाच वारा अडसर ठरतो.

मार्ग ठरविताना सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. विमानातील हवेचा दाब एकाएकी घटल्यास वैमानिकास सु. ३,००० मी. उंचीपर्यंत उतरावे लागते. हिमालय व तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे. शिवाय दोन एंजिनांच्या विमानास, एक एंजिन बंद पडले तरी विहित वेळात गाठता येईल असा विमानतळ मार्गावर सर्वत्र उपलब्ध असावा लागतो. ही अट निव्वळ कागदी नव्हे. ६ जून २०२३ रोजी याच सेवेचे, २१६ प्रवासी व १६ कर्मचारी असलेले विमान एंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्व भागातील मागादान येथे उतरविण्यात आले. दुसरे विमान पाठविल्यावर ८ जून रोजी प्रवासी पुढे जाऊ शकले. राजकीय कारणांनीही मार्ग लांबतात. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवल्याने भारतातून अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत थांबावे लागले होते.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात. सॅन फ्रॅन्सिस्कोची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेतेरा तास (उन्हाळ्यात साडेबारा तास) मागे असते. त्यामुळे दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालेला प्रवासी हिवाळ्यात त्याच तारखेस पहाटे पाचला तेथे उतरतो.