खाऱ्या पाण्याच्या टाकीला निळाच दिवा हवा का?

नांदेड किंवा लातूरमध्ये कुणी खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं ठरवलं की पहिला सल्ला मिळतो तो दिव्याचा: महागडा निळा एलईडी घ्या, त्याशिवाय समुद्रातले मासे जगत नाहीत. हा सल्ला प्रवाळांसाठीचा आहे. माशांना तो लागू नाही.

प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. समुद्राचं पाणी लाल रंग लवकर शोषून घेतं. दहा मीटर खोलीपर्यंत तो जवळजवळ संपतो, तर निळा खूप खोल जातो. त्यामुळे हे शैवाल ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा उत्तम वापर करतं. परदेशी हौशी लोक प्रवाळ पाळतात आणि त्यांचे दिवे त्यासाठीच बनतात. मासे मात्र दिव्याच्या प्रकाशावर जगत नाहीत, ते आपण टाकलेलं अन्न खातात. शिवाय क्लाउनफिश, डॅम्सेल हे आपल्याकडे पाळले जाणारे मासे उथळ खडकांतले असतात. तिथे दुपारचं ऊन जवळजवळ सगळ्या रंगांनिशी पोचतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खडक बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. दुकानात त्यांतलं काहीही दिसलं तरी घेऊ नये. मग टाकी उरते ती माशांची, आणि तिला प्रवाळांचा दिवा कशाला? क्लाउनफिशला समुद्रफूल (सी ॲनिमोन) लागतंच, त्या फुलाला तीव्र प्रकाश लागतो, असंही सांगितलं जातं. दुसरं म्हणणं खरं, पहिलं चुकीचं. समुद्रफुलाचा आसरा हवा तो शत्रूंपासून; टाकीत शत्रूच नसल्याने क्लाउनफिश त्याच्याविना चांगला जगतो. तो बंदिस्त जागेत पैदास होणारा मासा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे. विकत घेताना असा पैदास केलेलाच मासा मागावा.

दिव्याच्या खोक्यावर ६,५००, १०,००० किंवा २०,००० केल्विन असे आकडे असतात आणि मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद असं समजलं जातं. केल्विन फक्त छटा सांगतो. ६,५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, २०,००० म्हणजे गडद निळसर. प्रकाश किती पडतो हे त्यातून कळत नाही. ल्युमेनचा आकडाही माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचा असतो आणि निळा प्रकाश त्यात कमी मोजला जातो. माशांच्या टाकीसाठी ६,५०० ते १०,००० केल्विनचा साधा पांढरा एलईडी पुरतो. क्लाउनफिशचा नारिंगी रंग त्यात खरा दिसतो, निव्वळ निळ्या दिव्याखाली तो मळकट होतो. समुद्राचा भास हवा असेल तर थोडा निळा जरूर मिसळावा. ती आपल्या डोळ्यांची आवड आहे आणि त्यात गैर काहीच नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज शेवाळाचा. काचेवर हिरवा थर आला की दिव्याच्या रंगाला दोष दिला जातो आणि दिवा बदलला जातो. शेवाळाला उजेड लागतो हे खरं, पण ते फोफावतं नायट्रेट आणि फॉस्फेटवर. ही पोषकद्रव्यं माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून येतात. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यातूनही येतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलातल्या नायट्रेटसाठी देशातले जे १५ जिल्हे ठळकपणे नोंदले आहेत, त्यांत नांदेड आणि बीड आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टाकीचं पाणी भराभर आटतं. पाणी उडून जातं, पण मीठ आणि नायट्रेट मागे राहतात. त्यावर रोज बोअरचं पाणी ओतलं की दर तांब्यागणिक नायट्रेट वाढत जातं. अशा टाकीत दिवा कुठल्याही रंगाचा लावला तरी शेवाळ येणारच. मीठ मिसळायचं पाणी आणि रोजची भर, दोन्ही आरओचीच हवीत. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आठवून आरओतून वाया जाणारं पाणी भांडी-फरशीसाठी साठवावं.

रात्रभर निळा ‘चांदण्याचा’ दिवा लावून ठेवणं माशांना आवडतं, हेही खरं नाही. माशांना पापण्या नसतात, त्यांना काळोख हवाच असतो. दिवसाला आठ ते दहा तास उजेड पुरे. टायमर लावला की वेळ चुकत नाही.

रंगापेक्षा आपल्याकडे काळजी करायची ती उष्णतेची. टाकी २५-२६ अंशांवर असावी आणि उन्हाळ्यात इथे खोलीतली हवाच त्याहून कितीतरी तापलेली असते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्याहूनही कमी असतो. जुने मेटल हॅलाइड दिवे पाणी आणखी तापवतात, म्हणून ते टाळावेत. एलईडी वर उचलून बसवावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा लावावा. पंख्याने पाणी थंड होतं, पण आटतंही जास्त, तेव्हा आरओची भर वाढवावी लागते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा घेऊ नये. चार तासांच्या अंधाराने माशांचं काही बिघडत नाही, पण पाणी फिरवणारा पंप आणि हवेचा पंप बंद पडले तर ते गुदमरतात. इन्व्हर्टरची जोडणी या पंपांना द्यावी.