आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या

‘पिझ्झा’ हा शब्द ज्या अतिशय जुन्या कागदात आढळतो, तो पाककृतींचा ग्रंथ नव्हे; तो एक भाडेपट्टा आहे. इ. स. ९९७ मध्ये इटलीतील गायेता येथे एक गिरणी भाड्याने दिली गेली आणि दरवर्षी नाताळ व ईस्टर या सणांना बिशपांकडे बारा-बारा पिझ्झे पोहोचवावेत, असे कलम त्यात घातले गेले. तो पिझ्झा आजच्यासारखा नव्हता. टोमॅटो तेव्हा युरोपला ठाऊकच नव्हता; अमेरिका खंडातून तो सोळाव्या शतकात आला आणि बराच काळ लोक त्याच्याकडे संशयाने पाहत राहिले. परंतु ज्या पदार्थाचे नाव प्रथम देण्याघेण्याच्या कागदात उमटते, त्याचा पुढील इतिहासही बाजारपेठेतच घडला.

त्या इतिहासाचे मुख्य ठिकाण म्हणजे नेपल्स. एकोणिसाव्या शतकातील हे बंदर दाट वस्तीचे आणि दारिद्र्याने गांजलेले होते. फिरते विक्रेते पत्र्याच्या डब्यात गरम पिझ्झे ठेवून तो डोक्यावर घेत आणि गल्लोगल्ली हिंडत. ग्राहकाच्या हातात जेवढे नाणे, तेवढा तुकडा कापून मिळे. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र द्यूमा याने १८४३ च्या आपल्या प्रवासवर्णनात याची नोंद केली आहे. तेल, चरबी, चीज, टोमॅटो, मासळी यांचे भाव चढले-उतरले की पिझ्झ्याची किंमतही हलते. म्हणजे पिझ्झा हा बाजाराचा तापमापकच आहे, असे त्याचे निरीक्षण होते. व्यापाऱ्यालाही मान्य व्हावे असे ते आहे.

एका ठिकाणी मात्र द्यूमाची गफलत झाली. ‘आ ओत्तो’, म्हणजे ‘आठाचा’ पिझ्झा, हा आठ दिवसांचा शिळा माल असावा असे त्याने लिहिले. वास्तविक ती उधारीची रीत होती : आज खावे, पैसे आठ दिवसांनी द्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईतही नेपल्सच्या गल्ल्यांत तळलेले पिझ्झे याच बोलीवर विकले जात. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ च्या ‘लोरो दी नापोली’ या चित्रपटातील सोफिया लॉरेनच्या कथेचे शीर्षकच ‘उधारीवरचे पिझ्झे’ असे आहे. ज्याच्या घरात आज पैसा नाही त्यालाही आज भूक लागतेच, हे ओळखून विक्रेत्याने घेतलेली ती जोखीम होती. त्या उधारीमागे कागद नव्हता. शेजारपाजारची ओळख हेच तारण होते.

लोकांच्या तोंडी असते ती मात्र राणीची गोष्ट. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो याने टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीची बेसिलची पाने घालून पिझ्झा केला आणि राणीचे नाव त्यास मिळाले, असे सांगतात. दुकानात मिरवणाऱ्या राजदरबारच्या पत्राविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि या जिनसांचा मेळही त्यापूर्वीच्या लेखनात सापडतो. राणीच्या नावाने दुकानाची पत वाढली असेल. पण पिझ्झा जगवला तो चार पैशांच्या गिऱ्हाइकांनीच.

पुढे स्थलांतरित इटालियनांनी तो अमेरिकेत नेला. १९५८ मध्ये विचिटा येथे कार्नी बंधूंनी आईकडून सहाशे डॉलर उसने घेऊन ‘पिझ्झा हट’ उघडले. तेथेही भांडवल घरच्या विश्वासाचेच होते. १९९६ मध्ये ‘पिझ्झा हट’ आणि ‘डॉमिनोज’ दोन्ही भारतात आले. येथे कांदा-लसूण वगळलेला ‘जैन पिझ्झा’ रुळला, हे नवल नाही. ज्याला जसे रुचेल तसे देणे हीच पिझ्झ्याची जुनी रीत. गंमत अशी, की नेपल्सच्या मूळ मार्गेरितातही कांदा वा लसूण नसतो.

अडचण आहे ती चीजमध्ये. दूध साकळवण्यासाठी युरोपात परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट वापरतात; ‘पार्मिजानो रेज्जानो’ या चीजच्या नियमांत तर तेच बंधनकारक आहे. आता सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेटही सर्रास मिळते आणि भारतातील अनेक उत्पादक तेच वापरतात. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावे. परदेशात असताना मात्र ते कोणत्या रेनेटचे आहे, हे विचारल्यावाचून पिझ्झा मागवू नये.