मुलींचा क्रीडासहभाग आणि पुढील यश

शालेय वयात खेळांत भाग घेतल्याने मुलींच्या पुढील शिक्षणावर, नोकरी-व्यवसायावर व आरोग्यावर कोणता परिणाम होतो, हा शिक्षणशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासाचा विषय आहे. याविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील १९७२ च्या 'टायटल नाईन' या कायद्याच्या अनुभवातून मिळालेला आहे.

मूळ प्रश्न

शाळेत खेळणाऱ्या मुली पुढे अधिक शिकतात, असे दिसून येते. तथापि एवढ्यावरून ते यश खेळामुळेच मिळाले, असे सिद्ध होत नाही. सुस्थितीतील घर, सुशिक्षित पालक, उत्तम प्रकृती आणि मूळची जिद्द ज्या मुलीला लाभते, तीच मैदानावर उतरण्याची शक्यता अधिक असते. आणि याच गोष्टी तिला पुढील आयुष्यातही उपयोगी पडतात. त्यामुळे खेळणाऱ्या व न खेळणाऱ्या मुलींची थेट तुलना फसवी ठरू शकते.

टायटल नाईन

२३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी या कायद्यावर स्वाक्षरी केली. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास त्याने मनाई केली. मूळ कलमात खेळांचा उल्लेख नाही. परंतु १९७५ च्या नियमांनी क्रीडासंधींचा त्यात स्पष्ट समावेश केला आणि माध्यमिक शाळा व महाविद्यालयांना अंमलबजावणीसाठी १९७८ पर्यंत मुदत दिली.

१९७१-७२ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघांतून २,९४,०१५ मुली खेळत होत्या. मुलांची संख्या मात्र सुमारे ३६ लाख ६७ हजार होती. १९७७-७८ पर्यंत मुलींची संख्या २० लाखांच्या पुढे गेली.

स्टीव्हन्सन यांचा अभ्यास

अर्थशास्त्रज्ञ बेट्सी स्टीव्हन्सन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाचा उपयोग करून घेतला. मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी द्यावयाची असल्याने, ज्या राज्यांत मुले पूर्वीपासून अधिक प्रमाणात खेळत होती, तेथील शाळांना मुलींसाठी अधिक संघ उभारावे लागले. म्हणजेच मुलींच्या सहभागातील ही वाढ त्यांच्या घरच्या परिस्थितीवर वा स्वभावावर अवलंबून नव्हती. ती राज्यातील मुलांच्या पूर्वीच्या सहभागावरून ठरली. कायद्याने उच्च शिक्षणातील प्रवेशही खुले केले होते. परंतु तो बदल देशभर लागू असल्याने राज्याराज्यांची तुलना करून खेळांचा परिणाम वेगळा काढता आला.

या अभ्यासानुसार, दर शंभर मुलींमागे दहा अधिक मुली खेळू लागल्यास महाविद्यालयात जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात सुमारे एकाने, तर अर्थार्जनाच्या क्षेत्रात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात एक ते दोनांनी वाढते. पूर्वी पुरुषांचेच मानल्या गेलेल्या, विशेषतः उच्च कौशल्याच्या व्यवसायांतही स्त्रियांचा प्रवेश वाढल्याचे आढळले.

मर्यादा

हा परिणाम सरासरीचा आहे. खेळणारी प्रत्येक मुलगी यशस्वी होते, असा त्याचा अर्थ नाही. शिस्त, संघभावना, पराभव पचवण्याची सवय की शरीरस्वास्थ्य, यांपैकी नेमके काय उपयोगी पडले, हेही अशा आकडेवारीतून वेगळे करता येत नाही. शिवाय मैदानावरील संधी वाढली, तरी अधिकाराच्या जागा आपोआप मिळतात असे नाही. १९७२ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतील महिला संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. या पदांना मान व वेतन लाभू लागल्यावर पुरुष त्यांकडे वळले आणि स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

भारतातील संदर्भ

हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण व क्रीडासाहित्य आवश्यक मानले आहे. परंतु मैदान असणे आणि त्यावर मुलींना वेळ व जागा मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वे, पोलीस आदी खात्यांत खेळाडूंची भरती होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या मार्गाने खेळ थेट उपजीविकेचे साधन बनतो, मात्र त्याचा लाभ पदक मिळवणाऱ्या मोजक्या खेळाडूंनाच होतो. अमेरिकेतील अभ्यासाचे महत्त्व याहून निराळे आहे: त्यातील बहुतेक मुलींनी कोणतेही मोठे पदक मिळवलेले नव्हते, त्यांना शाळेत केवळ खेळण्याची संधी मिळाली होती.