चा-चा-चा: पायांच्या आवाजावरून नाव पडलेला नाच

डान्स रिअ‍ॅलिटी शोमध्ये 'चा-चा-चा' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पण ते आलं कुठून?

१९५०च्या दशकाची सुरुवात. क्युबाची राजधानी हवानात मॅम्बोची चलती होती. पण त्याचा आडवळणी ठेका अनेकांना पकडता येत नसे. व्हायोलिनवादक एन्रिके होरिन यांनी हे हेरलं आणि नाचणाऱ्यांसाठी चालच सोपी केली. १९५३मध्ये त्यांचं 'ला एंगान्यादोरा' हे गाणं रेकॉर्ड झालं आणि तुफान गाजलं. फरशीवर घासणाऱ्या पायांचा आवाज 'चा-चा-चा' असा येई, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं.

बेसिक स्टेप कशी करतात?

ठेका चार मात्रांचा. दोन आणि तीनवर एकेक पाऊल. मग चारपासून पुढच्या एकपर्यंत तीन झटपट पावलं, हेच 'चा-चा-चा'. मोजायचं असं: 'दोन, तीन, चार-आणि-एक'. पावलं छोटी ठेवायची.

नवशिके इथेच चुकतात. ते 'एक'वर सुरुवात करतात. खरं तर 'एक'वर 'चा-चा-चा' संपतं.

आज साम्बा, रुम्बा, पासो डोब्ले आणि जाइव्हसोबत चा-चा-चा हा स्पर्धांमधल्या पाच लॅटिन नृत्यांपैकी एक आहे.