दगड, वाळू आणि शेवाळ: समुद्राच्या टाकीचा फिल्टर

गेल्या भागात गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो, आणि त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न धो-धो आला: "दादा, रीफ टँक कसा करायचा? निमोवाला?" त्यातल्या एकाने तर लिहिलं की दुकानदार 'लाइव्ह रॉक' किलोच्या भावाने देतोय, घेऊ का? नको. का नको ते पुढे सांगतो, कारण आजच्या भागातला तो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

आधी 'नैसर्गिक फिल्टर' म्हणजे काय ते बघू. मासा खातो, शी करतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनिया म्हणजे विषच. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. इथपर्यंतचं काम कुठलाही स्पंज फिल्टर करतो. पण नायट्रेट साठत जातं, शेवाळ माजतं, आणि नाजूक जीव कुढायला लागतात. सच्छिद्र दगडाची गंमत इथे सुरू होते. दगडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन भरपूर, पण आत खोल छिद्रांमध्ये तो जवळजवळ नाहीच. तिथे राहणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. म्हणजे घाण टाकीतून खरंच बाहेर गेली.

ही कल्पना लोकांपुढे आणली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी एका अमेरिकन मासिकात लेख लिहिला. त्यांच्या टाकीत होतं काय, तर समुद्राचं पाणी, जिवंत जीवांनी भरलेले दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडे बुडबुडे. बस्स. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्यात प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण ओढून काढणारं यंत्र, आणि जोरदार प्रकाश घातला. आजच्या बहुतेक रीफ टाक्या त्याच वळणाच्या आहेत.

आता तो किलोवाला दगड. लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळी दगडी प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, समुद्रपंखे, सगळे समुद्री घोडे आणि समुद्री काकड्यासुद्धा. म्हणजे वाघाच्याच यादीत! मेलेला सांगाडा घरात ठेवणंही गुन्हा, आणि शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. कायदा कागदावरच आहे असं समजू नका. मुंबईत कोस्टल रोड बांधताना वरळी-हाजी अलीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं परवानगी काढून दुसरीकडे हलवावी लागली होती. "अरे, सगळे ठेवतात" असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे. धाड त्याच्याकडे पडली तर त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर असतोच. परदेशातून आलेलं प्रवाळ म्हणून कोणी काही दाखवलं, तर आयातीचे कागद मागा. कागद नाहीत? मग मालही नको.

मग काय, नाद सोडायचा? मुळीच नाही. जिवाणूंना दगड प्रवाळाचा आहे की सिरॅमिकचा, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांना हवीत छिद्रं. मानवनिर्मित सच्छिद्र रीफ रॉक मिळतो, तो घ्या. एकावर एक भिंतीसारखा रचू नका. मधून पाणी खेळलं पाहिजे, म्हणून गुहा आणि कमानी करा. टाकीत जितकं पाणी, त्याच्या दहा ते वीसपट पाणी दर तासाला फिरेल असे पंप लावा. ली साहेबांचं बुडबुड्यांवर भागलं, आपण तो धोका कशाला घ्यायचा?

पाणी चौपाटीवरून आणायचं नाही, प्लीज. मरीन सॉल्ट विकत घ्या, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. ते आरओ-डीआय पाण्यात, टीडीएस शून्य असलेल्या. घरातला पिण्याचा आरओ चालत नाही, कारण त्यात थोडे क्षार राहतात, कधी मुद्दाम राखलेही जातात. पाणी एक दिवस ढवळत ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता ३५ आली का बघा. आणि हो, २०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच २०५ किलो. दगड, काच, स्टँड वेगळे. आईच्या शोकेसवर ठेवायचा विचारही करू नका.

मग टाकीत कोळंबीचा एक तुकडा टाका. हो, बाजारातली, जेवणातली. ती कुजते, अमोनिया वाढतो, जिवाणूंना जेवण मिळतं. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही उतरून नायट्रेट दिसेल. याला चार ते सहा आठवडे लागतात, कोरड्या दगडावर कधी जास्तही. या काळात टाकीत एकही मासा नको. घरचे विचारतील, "हे नुसतं पाणी कशासाठी ठेवलंय?" विचारू देत. आणि दगडाच्या आतले नायट्रेट खाणारे जिवाणू तर आणखी कित्येक महिन्यांनी जम बसवतात. एवढा धीर नसेल तर गोड्या पाण्याचा गप्पीच बरा, मनापासून सांगतो.

तोपर्यंत नायट्रेटचं काय? शेवाळ पाळायचं! खालच्या किंवा बाजूच्या छोट्या टाकीत कीटोमॉर्फा नावाचं, हिरव्या तारेच्या गुंत्यासारखं शेवाळ ठेवा. ते वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं. मूठभर उपटून फेकलं की तेवढी घाण टाकीबाहेर. त्याचा दिवा रात्री लावा, मुख्य टाकीतला बंद असताना. रात्री कार्बन डायऑक्साइड साठून पीएच घसरतो, तो त्यामुळे सावरतो.

उन्हाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. पाणी २५-२६ अंशांवर हवं. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने ते काही अंश थंड होतं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ही युक्ती मस्त चालते, मुंबईच्या दमट मे महिन्यात फारशी नाही. तिथे चिलरचा खर्च आधीच धरा. लाइट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

मासे शेवटी. टँकमध्ये जन्मलेली क्लाउनफिशची जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे करून दाखवलीय, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्यांची गरजच नाही.

गणपतीला गावी चाललात तर काय, असंही एकीने विचारलंय. चांगले पोसलेले मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात. पण पाणी आटतं आणि मीठ मागेच राहतं, म्हणून रोज गोडं आरओ-डीआय पाणीच वाढवायचं, खारं नाही. शेजारच्या काकूंना रोज किती ओतायचं ते बाटलीवर खूण करून द्या. आणि माशांच्या खाण्याचा डबा मात्र कपाटात कुलूप लावून जा.