सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

हिंदुस्थानी संगीतातील दहा राग इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर व डिस्को नृत्याच्या ठेक्यावर वाजवून सिद्ध केलेली दीर्घवादन ध्वनिमुद्रिका. मुंबईचे वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांची ही निर्मिती एचएमव्हीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. सिंग हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार व कळफलकाची वाद्ये वाजवीत असत.

या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली. टीआर-८०८ हे तालयंत्र ठेका पुरविते. टीबी-३०३ हे आधी भरून ठेवलेली खर्जातील स्वरावली आवर्तनाने वाजविते. ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर रागाची मुख्य सुरावट वाजविली आहे. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने मींडेसारखा परिणाम साधतो. रागसंगीतात पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंवादरचना नसते. स्थिर आधारस्वरावर एकच सुरावट विस्तारत जाते. त्यामुळे आवर्तनी यंत्र आणि रागविस्तार यांचा मेळ सहज बसला. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस इ. राग यात आहेत. मात्र ठेका सर्वत्र यांत्रिक व एकसारखा असल्याने लयीतील सूक्ष्म चढउतारांस वाव उरला नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे आफ्रिका बंबाटा व सोल सॉनिक फोर्स यांचे ‘प्लॅनेट रॉक’ हे गीत गाजले. क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या सुरावटी आणि टीआर-८०८ चा ठेका यांच्या संयोगातून घडलेल्या या गीताने इलेक्ट्रोफंक शैली रूढ केली. सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेला मात्र त्या काळी श्रोते लाभले नाहीत व ती विस्मरणात गेली.

२०१० मध्ये नेदर्लंड्समधील ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने तिचे पुनर्प्रकाशन केले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने टीबी-३०३ वर रचलेल्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ (१९८७) या रचनेशी तिचे साम्य जाणवल्यामुळे काहींनी सिंग यांना ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीतप्रकाराचे जनक मानले. तथापि हे साम्य अनुकरणातून आलेले नसून, एकाच यंत्राचा दोन भिन्न परंपरांतील वादकांनी स्वतंत्रपणे घेतलेला शोध, असेच त्याचे स्वरूप दिसते. यंत्र परके असले, तरी त्यातून उमटणारे संगीत वादकाच्या संस्कारांवर अवलंबून असते, हे या ध्वनिमुद्रिकेने दाखवून दिले. पुनर्प्रकाशनानंतर सिंग यांनी उतारवयात यूरोपात या रागांचे प्रत्यक्ष कार्यक्रम केले.