कढीपत्त्यावरचे बहुरूपी

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, तर पुसून टाकण्याआधी जरा निरखून बघा. काळपट तपकिरी रंग, वर ओलसर चकाकी, मधोमध पांढुरका पट्टा. काडीने हलकेच डिवचलं की त्या ‘शीटे’च्या डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. एवढ्या लहान वयात तिला कोणी खायला धजू नये म्हणून हे रूप! कात टाकत ती वाढते आणि शीट म्हणून खपणार नाही इतकी मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. पुढे कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून फांदीला टेकते आणि कोष करते. भोवती पालवी असेल तर कोष बहुधा हिरवा, वाळकी काटकी असेल तर तपकिरी.

मादी हे झाड शोधते ती पायांनी. पानावर उतरली की पुढचे पाय भराभर आपटते. त्या पायांवर पानातली रसायनं चाखणारी इंद्रियं असतात. कढीपत्ता, लिंबू, बेल ही एकाच कुळातली झाडं तिला पटतात. शेजारच्या जास्वंदीवर ती मध प्यायला जाईल, पण अंडं तिथे घालणार नाही. झाडं स्वतःला वाचवायला पानांत नाना रसायनं साठवतात आणि ती पचवण्याची कला प्रत्येक कीटकाने लाखो वर्षांत मोजक्याच झाडांपुरती कमावलेली असते. म्हणून दक्षिण अमेरिकेतून आलेली बोगनवेल बहरली तरी आपली फुलपाखरं तिच्यावर क्वचितच अंडी घालतात. नियम सरसकट नाही. मादागास्करच्या पानफुटीवर आपलं रेड पियरो मजेत वाढतं. तरीही ‘कीड लागत नाही’ ही रोपाची शिफारस मला तरी पटत नाही. पान कुणी खातच नसेल, तर बागेत येणार कोण?

आता कढीपत्त्याजवळ ईश्वरीचा वेल लावा, म्हणजे खरं नाट्य सुरू होईल. ईश्वरीची पानं विषारी. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या ती खातात आणि विष अंगात साठवतात. मोठेपणी काळे पंख आणि लाल अंग मिरवत ही फुलपाखरं संथ उडतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. याचा फायदा घेते ती कॉमन मॉर्मनची मादी. तिची आपल्याकडे तीन रूपं: एक नरासारखं, दुसरं हुबेहूब कॉमन रोझसारखं, तिसरं क्रिमसन रोझसारखं. तिच्यात विषाचा थेंब नाही, नुसतं सोंग! हे सोंग कोणतं जनुक घडवतं, याचा उलगडा जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत केला. ते जनुक म्हणजे ‘डबलसेक्स’, एरवी कीटकांमध्ये नर-मादीतले फरक घडवणारं. एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या प्रतींमुळे अख्ख्या पंखांची नक्षी पालटते.

पण पक्ष्यांनी खऱ्या विषाची चव घेतलेली असली, तरच हे सोंग चालतं. म्हणजे कढीपत्त्यावर वाढलेल्या फुलपाखराचं आयुष्य आसपासच्या ईश्वरीवर टेकलेलं असतं. अशीच जोडी रुई आणि घोळीची. रुईच्या चिकाचं विष घेऊन प्लेन टायगर वाढतं आणि त्याचं रूप घेते डॅनेड एगफ्लायची मादी. तिच्या अळ्या खातात घोळ, जी आपण तण म्हणून उपटतो किंवा भाजी म्हणून शिजवतो.

या सगळ्या अळ्या काही फुलपाखरं होत नाहीत. पुष्कळशा शिंपी, बुलबुल यांच्या पिल्लांच्या चोचीत जातात. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो.

ईश्वरी पोटात घेऊ नका, मूत्रपिंडाला घातक आहे. जंगलातून वेल उपटूनही आणू नका, देशी झाडांच्या रोपवाटिकेत मागा. कढीपत्त्याच्या मात्र दोन कुंड्या ठेवा, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. दोन्हींवर औषध मारू नका.